इंग्रजी उच्चार आणि कामगारांची मुले

कामगाराच्या मुलाची जीभ जड असते, म्हणून त्याला इंग्रजी साधत नाही, अशी समजूत आपल्या शहरात चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकू येते. ही समजूत चुकीची कशी, आणि तिच्यामुळे मुलांचे नुकसान कसे होते, एवढेच आम्हांस येथे मांडावयाचे आहे.

सोलापूरची जुनी मिल १८७७ साली निघाली. गिरण्यांच्या व मागांच्या ओढीने तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर येथे आले. मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारी कुटुंबे त्यांच्या शेजारी नांदली. जे पोर घरी तेलुगू, गल्लीत कानडी आणि शाळेत मराठी बोलते, त्याची जीभ जड कशी म्हणावी?

खरी गोष्ट अशी आहे की, मातृभाषा मुलाच्या कानाला लहानपणीच एक चाळण बसवते. ज्या भेदाने अर्थ बदलत नाही, तो भेद कान सोडून देतो. मराठी लिहिताना ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आपण सारेच का करतो? बोलताना तो फरक आपल्याला फारसा जाणवत नाही म्हणून. मग इंग्रजीत ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी, हा भेद मुलाच्या कानातून निसटला तर नवल काय?

आपल्या ‘व’ची गोष्टही तशीच. इंग्रजीत व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. डब्ल्यूच्या वेळी ओठांचा चंबू होतो आणि दात लांब राहतात. आपण दोन्हींकडे एकच ‘व’ वापरतो, म्हणून अंगातली बंडी आणि पश्चिम दिशा दोन्ही ‘वेस्ट’च. तेलुगू व कानडी शब्द बहुधा स्वरान्त असतात. त्यामुळे त्या घरांतली मुले ‘बस’ला ‘बस्सु’ म्हणतात. उलट उर्दू बोलणाऱ्या मुलाला ‘झू’ शब्दातला आरंभीचा उच्चार घरचाच असतो. मराठी मुलानेही ‘जेवण’ सोडून ‘जागा’ शब्दातला ‘ज’ आठवला तर तो त्याच्या अगदी जवळ पोहोचतो. आघाताचे तंत्रही निराळे आहे. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, तर ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर पडतो.

त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना काढला. पुढे छापील रूपे हळूहळू कायम होत गेली आणि उच्चार मात्र बदलत राहिले. देवनागरीवर वाढलेले मूल अक्षर दिसेल तसे वाचते. इंडोनेशियातल्या मुलांचीही हीच गत आहे. त्यांची भाषा रोमन लिपीत, बहुतांशी बोलावी तशी लिहिली जाते. ‘थिंक’ त्यांच्या तोंडी ‘टिंक’ होते. त्यांना कोणी जड जिभेचे म्हणत नाही.

मग मुलाची उमेद कोठे खचते? आमच्या मते ती वर्गातल्या हशात खचते. मूल उभे राहते, एक शब्द चुकतो, सारा वर्ग हसतो. दुसऱ्या दिवसापासून ते मागच्या बाकावर गप्प बसते. पाळीवर दटावणी खाल्लेला कामगार सभेत तोंड उघडत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्यातला आणि या मुलातला फरक फक्त वयाचा. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, परंतु ज्या घरी आई विड्या वळते आणि बाप यंत्रमागावर असतो, तेथे ती भाषा कानावर पडणार कधी? आणि तिचा उपयोग काय, हे मुलाला दिसणार कोठे? पुढे मुलाखतीच्या खोलीत, काम उत्तम येत असूनही, हाच पोरगा ‘हो’ आणि ‘नाही’पलीकडे बोलत नाही व नोकरी दुसऱ्याला जाते.

उपाय खर्चाचे नाहीत. रोज दहा मिनिटे आरसा हाती देऊन ओठ व दात कोठे जातात ते दाखवावे. ‘शिप-शीप’सारख्या जोड्या आधी ऐकवाव्या, मग म्हणवून घ्याव्या. मूल बोलत असताना अडवू नये. वाक्य संपल्यावर एकच चूक सांगावी. साहेबाची नक्कल करावयाची नाही; ऐकणाऱ्यास नीट कळावे, एवढेच माप पुरे. वस्तीतल्या वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी राखणे आपल्याला अशक्य आहे काय? शिकलेल्यांनी तेथे येऊन बसावे, आणि पहिला नियम म्हणून कोणी कोणाला हसू नये.