अर्धांगवायू: शेवटचं ठीक कधी होतं?

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली की मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं. म्हणून डॉक्टर आधी विचारतात, "माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला?" सकाळी उठतानाच तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं असेल, तर हिशेब रात्री निजल्यापासून धरतात. आपल्याकडे मात्र तेल चोळण्यात वेळ जातो. घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन तर नकोच; गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. पाणीही पाजू नये, गिळता आलं नाही तर ते फुप्फुसात उतरतं. १०८ला फोन करतानाच स्कॅनची सोय कुठे आहे ते विचारावं.