गल्ला केवढा असावा?

धंदा वाढावा असे कोणाला वाटत नाही? व्यापाराच्या पानावर तर वाढीच्याच गोष्टी असायच्या. आज मात्र आम्हाला आमच्या दुकानदार आणि कारागीर बंधूंना उलटा प्रश्न विचारायचा आहे: धंदा कुठे थांबवावा, हे आपण कधी ठरवले आहे काय?

हा प्रश्न मीरा-भाईंदरकडे पाहून सुचला. १९९१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे मीरा रोडला, विशेषतः नया नगरात आली. आलेल्यांची मागणी मोठी नव्हती. डोक्यावर छप्पर, मुलांना शाळा, हलाल रोजी आणि रात्री शांत झोप. आता त्यांची मुले गल्ल्यावर बसतात. बापाला जे पुरेसे वाटले ते मुलाला तोकडे वाटते. शेजाऱ्याने दुसरे दुकान घातले, तिसऱ्याचा फोटो चौकातल्या बॅनरवर झळकला, मग आपणच का मागे राहायचे? यात गैर काही नाही. पण हिशेब तरी पुरा करावा.

समजा, एका शिलाईच्या दुकानातून खर्च वजा जाता घर नीट चालते आहे. दुसऱ्या दुकानाची अनामत, फर्निचर आणि माल यांसाठी दहा लाख रुपये लागतात. बँकेकडून १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे २२,२५० रुपये पडतो, आणि फेड होते जवळजवळ १३ लाख ३५ हजारांची. व्याजाचा शरई प्रश्न आहेच. तो टाळण्यासाठी कोणी मेहुण्याकडून घेतो, कोणी ठोक व्यापाऱ्याची उधारी वाढवतो. पण देणे ते देणेच. हप्ता किंवा देणे, भाडे, दोन पोरांचा पगार आणि विजेचे बिल एवढे भागल्यावर जे उरेल ते घरी येणार. शिवाय मालक एकच. तो एका दुकानात बसला की दुसरे नोकरांच्या भरवशावर. गिऱ्हाईक कापडावर नव्हे, मास्टरच्या हातावर येत असते, हे टेलरिंगवाल्यांना आम्ही सांगायला नको.

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलच्या भांड्यांचे काम चालते. तेथेही मोठी ऑर्डर आली की पॉलिशवाला रात्रपाळी लावतो. धूळ नाकातोंडात जाते, आणि पैसे मात्र तीन-तीन महिन्यांनी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करायचे असतात. पण पार्टी तुटेल या भीतीने तक्रार कोण करतो? अशी ऑर्डर नाकारणारा माणूस बाजारात भित्रा ठरतो. आमच्या मते तो हिशेबी असतो. मुले झोपल्यावर घरी पोहोचायचे आणि ती उठण्याआधी लोकल पकडायची, हा खर्च कोणत्याच खातेवहीत चढत नाही.

काहीजण म्हणतील, कनाअत ही फकिरांची गोष्ट, व्यापाऱ्याचे तेथे काय काम? इमाम अबू हनीफा कूफ्यात रेशमी कापडाचे व्यापारी होते, तेही चांगले सधन. त्यांचे भागीदार हफ्स बिन अब्दुर्रहमान. चरित्रकार सांगतात की इमामसाहेबांनी एका मालातला दोष गिऱ्हाइकाला दाखवायला सांगितले होते. हफ्स विसरले आणि माल विकला गेला. गिऱ्हाईक काही सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी आलेली सारी रक्कम सदका करून टाकली. पुढे खलीफा मन्सूरने काझीपद देऊ केले. ते त्यांनी नाकारले, कैद सोसली, आणि हिजरी १५० म्हणजे इ.स. ७६७ मध्ये बगदादला त्यांचे निधन झाले. त्यांनी दुकान बंद केले नव्हते, हे लक्षात घ्यावे. कोणता पैसा आणि कोणता मान आपला नव्हे, एवढे त्यांनी ठरवले होते.

मानाचेही तसेच. आपल्याच राज्यात मिरजेला जावे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब १९व्या शतकात तंतुवाद्यांच्या कामाकडे वळले आणि तेथे सतार-तंबोऱ्याचा व्यवसाय उभा राहिला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मैफलीच्या जाहिरातीत नाव गवयाचे असते. भोपळा निवडून, लाकूड कोरून, जवारी लावणाऱ्याला गवई तेवढे ओळखतात. त्या ओळखीवर ही घराणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कारागिराच्या संतोषाचे गोडवे गाऊन त्याची मजुरी कापणारे शेठही आम्ही पाहिले आहेत. कनाअत स्वतःसाठी असते, नोकराला शिकवायची नसते. जो कमी घेऊन खूश राहावा असे वाटते, त्याच्या घरचे रेशन एकदा विचारून पाहावे.

रमजानच्या सुमारास बरेच व्यापारी जकातीचा हिशेब करतात. शिल्लक माल, येणे, देणे सारे एका कागदावर येते. त्याच कागदाच्या खाली आणखी एक आकडा लिहून पाहावा: घराला वर्षाकाठी किती लागते? शाळेची फी, दवाखाना, आईवडिलांची औषधे, आणि वाईट दिवसांसाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला. घरातल्या बाईला विचारून लिहावा, कारण पुरुषांचा अंदाज बहुधा चुकतो. हा आकडा कमाईच्या वर गेला तर धंदा वाढवलाच पाहिजे, अशा माणसाला सब्राचा उपदेश कोणी करू नये. खाली राहिला, आणि तरीही शेजारच्या रिकाम्या गाळ्यावर नजर जात असेल, तर मालकाशी भाड्याची बोलणी करण्याआधी एक आठवडा जाऊ द्यावा आणि ते आठ दिवस दुकान मगरिबनंतर लगेच बंद करून पाहावे.