जुन्या व्हॉल्व्हचे मोल आणि विक्रेत्याचा शब्द

इंदूर, बेळगाव, बडोदे किंवा मडगाव येथील एखाद्या जुन्या घराचा माळा रिकामा करावयास घेतला की, पितळी भांडी आणि मोडका पाळणा यांच्या सोबतीला एखादा व्हॉल्व्हचा रेडिओ हाती लागतो. भंगारवाला तो किलोच्या भावाने नेतो. तांबे वितळते आणि काच फुटते. वस्तुतः त्या पेटीतील एखाद्या भागासाठी दूरदेशी कोणी तरी वाट पाहत असते. इंटरनेटवरील बाजार या दोघांची गाठ घालून देतो. तथापि तेथे ग्राहकाला वस्तू हाती घेऊन पाहता येत नाही. चार ओळी आणि दोन छायाचित्रे यांवर विसंबून तो पैसे पाठवितो. हा व्यवहार मुळात विश्वासाचा होय.

या काचेच्या नळीला आज मोल का असावे? फ्लेमिंगने १९०४ मध्ये पहिला व्हॉल्व्ह सिद्ध केला. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढे रेडिओतून व्हॉल्व्हची हकालपट्टी झाली. परंतु अनेक गिटारवादकांना आणि संगीतप्रेमींना व्हॉल्व्हचाच नाद गोड वाटतो. शिवाय वडिलांचा रेडिओ पुन्हा बोलता करू पाहणारेही थोडे नाहीत.

विक्रेत्याने प्रथम वस्तूचे नाव नीट वाचावे. ‘ईसीसी ८३’ या युरोपीय नावातील ‘ई’ म्हणजे तापतंतूस ६.३ व्होल्टचा दाब, दोन ‘सी’ म्हणजे एकाच नळीत दोन ट्रायोड, आणि ८ हा आकडा नऊ पायांचे बूड दाखवितो. हाच व्हॉल्व्ह अमेरिकेत ‘१२एएक्स७’ म्हणून ओळखला जातो. ही दोन्ही नावे लिहिली, तरच शोधणाऱ्याला ती वस्तू सापडते. काचेवरील छपाई ओल्या फडक्याने पुसली जाते. म्हणून ती चोळू नये. जुनी छपाई पुसून नामांकित कारखान्याचे नाव उमटविणारे लबाडही या बाजारात आहेत. मुलार्डच्या अनेक व्हॉल्व्हवर बुडाजवळ काचेतच कोरलेली खूण असते. तीतील ‘बी’ हे अक्षर ब्लॅकबर्नचा कारखाना सुचविते. त्या खुणेचे स्पष्ट छायाचित्र द्यावे.

दुसरी गोष्ट प्रकृतीची. काचेच्या आतील चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली आणि व्हॉल्व्ह निकामी झाला असे समजावे. मात्र तंतू लाल झाला एवढ्याने व्हॉल्व्ह चांगला ठरत नाही. त्यातून पुरेसे इलेक्ट्रॉन बाहेर पडतात की नाही, हे तपासणी-यंत्रच सांगते. यंत्र नसेल तर ‘तपासलेला नाही’ असे सरळ लिहावे. वापरलेल्या व्हॉल्व्हला ‘न वापरलेला जुना साठा’ म्हटले की दाम वाढतो, पण ती फसवणूक होय.

कंडेन्सरच्या बाबतीत तर अधिक जपावे. मेण-कागदाचे जुने कंडेन्सर कालांतराने वीज झिरपू देतात. असा कंडेन्सर चांगला म्हणून विकला आणि घेणाऱ्याने तो ध्वनी देणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या वाटेवर बसविला, तर त्या व्हॉल्व्हमधून भलताच प्रवाह वाहून ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. चार रुपयांच्या लोभापायी दुसऱ्याच्या वडिलांची आठवण राख व्हावी, हे कोणत्या हिशेबात बसते? तेल भरलेल्या काही जुन्या कंडेन्सरांत पीसीबी हे विषारी द्रव्य असते. २००१ च्या स्टॉकहोम कराराने ते जगातून हद्दपार करण्याचे ठरविले. असे कंडेन्सर फोडू नयेत व विकूही नयेत.

स्वतःचा जीवही सांभाळावा. माळ्यावरचा रेडिओ लगेच विजेला जोडू नये. वायर काढल्यावरही कंडेन्सरमध्ये भार उरतो, आणि एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या अनेक रेडिओंचा धातूचा सांगाडा विजेच्या थेट तारेशी जोडलेला असतो. म्हणून भाग सोडविण्याचे काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे. पाठविताना प्रत्येक व्हॉल्व्ह वेगळा गुंडाळून, पायांवर दाब न येईल अशा बेताने, खोक्यात खोके घालून बांधावा.

दोष आधीच सांगितला तर दाम थोडा कमी येतो. परंतु तोच ग्राहक पुन्हा त्याच दाराशी येतो. काचेचा व्हॉल्व्ह फुटला तर दुसरा मिळू शकेल. फुटलेल्या विश्वासाला मात्र जुन्या बाजारातही सुटा भाग मिळत नाही.