दुसऱ्या दिवशी माहेर

जीनान (शानडोंग प्रांत), चीन

चिनी नववर्ष जवळ आलं की पुण्या-ठाण्याहून एकच प्रश्न येतो, "आता तिकडे काय काय खातील?" त्यातल्या 'काय काय'वर असा जोर असतो, की विचारणाऱ्याला ताटात वळवळणारं काहीतरी दिसत असावं. उरलेल्यांना वाटतं, मी रोज गाडीवरचं मंच्युरियन खाऊन सुखात आहे. दोन्ही पक्षांना एकदाच सांगून टाकते. मंच्युरियनची इथे कुणाला ओळखही नाही. आणि या प्रांतातल्या कित्येक घरांत वर्षाच्या पहिल्या सकाळी जे शिजतं, त्यात मांसाचा कण नसतो. टोफू, अंडं, पालेभाजी आणि काचेसारख्या पारदर्शक शेवया यांचं सारण. वर्ष निवांत, बिनकटकटीचं जावं म्हणून पहिला घास साधा. बौद्ध परंपरा पाळणारी अनेक माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीलाही मांस खात नाहीत. हे ऐकून माझी आत्या फोनवर क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "अंडं म्हणालीस ना?"

हे सारण ज्यात भरतात ते ज्याओझ म्हणजे उकडलेल्या करंज्याच. उत्तर चीनमध्ये वर्षाच्या शेवटच्या रात्री ते करायला सगळं घर बसतं. दक्षिणेकडे चिकट तांदळाचा न्येनगाव वगैरे असतो, पण मी उत्तरेत राहते, तेव्हा इथलंच बोलते. एखाद्या ज्याओझमध्ये धुतलेलं नाणं घालतात. ज्याच्या दाताखाली येईल त्याचं वर्ष पैशाचं. अलीकडे दातांच्या काळजीने नाण्याऐवजी शेंगदाणा घालणारेही निघाले आहेत. पण माझे डोळे विस्फारले ते दुसऱ्याच गोष्टीने. शेजारच्या घरी पाऱ्या लाटत होते आजोबा. बोटभर जाडीचं लाटणं एका हाताने फिरवत, दुसऱ्या हाताने पारी वळवत, मध्ये जाड, कडेला पातळ. त्यांचा मुलगा बाजूला कोबी चिरत होता, आजी आणि सून भरून मिटत होत्या. समोर टीव्हीवर १९८३ पासून दर वर्षी चालत आलेला सरकारी वाहिनीचा नववर्षाचा जंगी कार्यक्रम चालू होता, आणि तो यंदा किती रटाळ झालाय हे सगळे मिळून म्हणत होते. तो दर वर्षी रटाळच होतो म्हणे. तरी बंद कुणी करत नाही.

त्या ओट्यासमोर उभी राहून मी आमच्या घरातला दिवाळीआधीचा आठवडा आठवत होते. आई, काकू, आजी चकलीच्या भाजणीत कोपरापर्यंत बुडालेल्या. बाबा आणि काका झोपाळ्यावर, दिवाळी अंक उघडा, आणि मधूनच आत हाक, "एखादी चकली पाठवा, बघू कशी झालीय." पाठवली की निकाल, "मोहन कमी पडलं." मोहन म्हणजे नेमकं काय, ते कधी घालतात, हे झोपाळ्यावरच्या एकालाही सांगता आलं नसतं. आता चकल्या विकत येतात, आणि झोपाळ्यावरून "घरच्यासारख्या नाहीत" असं ऐकू येतं. इथल्या आजोबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मग घरी करतात कोण?" आणि लाटत राहिले.

पण हेवा करायची घाई करू नका. शहरातल्या स्वयंपाकघरावरून प्रांत ओळखू नये. माझ्या कामाच्या ठिकाणची एक मैत्रीण नवऱ्याच्या गावची हकिगत सांगते. तिथे पुरुष मंडळी आणि पाहुणे मोठ्या गोल टेबलाशी, बायका आत चुलीशी. बाहेरचं आटोपलं की उरलंसुरलं आत. तिने हे सांगितलं तेव्हा मला भाषांतराची गरज पडली नाही. आमच्याकडेही आधी पुरुषांची पंगत, मग मुलांची, आणि बायकांच्या पंगतीला आमटी पातळ झालेली.

कन्फ्यूशियस याच प्रांतातल्या छ्यूफू गावचा. त्याचा सूड शानडोंगचे लोक जेवणाच्या टेबलावर उगवतात. कुणी कुठे बसायचं याचं शास्त्र आहे. दाराकडे तोंड करून मुख्य यजमान, त्याच्या उजव्या हाताला पहिला पाहुणा, डाव्या हाताला दुसरा, आणि समोर, दाराकडे पाठ करून, उपयजमान. त्याचं काम इतरांना पाजणं. मासा येतो तो अख्खा, आणि त्याचं डोकं पहिल्या पाहुण्याकडे फिरवूनच ठेवतात. मग डोक्यापुढच्याने तीन प्याले, शेपटीपुढच्याने चार, असा हिशेब. त्याशिवाय माशाला कुणी जेवणाची काडी लावायची नाही. आपल्या लग्नात मुलाच्या आत्याचा मान करायचा राहिला म्हणून रुसवा होतो, तेव्हा निदान ते कुठे छापलेलं नसतं. इथे जागाच बोलते.

आग्रह मात्र अगदी घरचा. यजमान स्वतःच्या हाताने तुमच्या वाडग्यात वाढतो, तुम्ही नाही नाही म्हणायचं, त्याने ऐकायचं नाही. गोची पुढे आहे. पानात टाकू नये हे ज्याच्या हाडीमासी खिळलंय, तो ताटली पुसून रिकामी करतो, आणि रिकाम्या ताटलीचा इथला अर्थ असा, की यजमानाने कमी मागवलं. लगेच आणखी दोन पदार्थ येतात. या सवयीपायी अन्न इतकं फुकट जाऊ लागलं, की २०२१ साली सरकारने अन्नाच्या नासाडीविरुद्ध कायदाच केला. कायदा झाला, आता उरलेलं डब्यात भरून घरी नेतात, पण मागवताना हात आखडत नाही.

आणि पैसा! आपण लक्ष्मीपूजन करतो आणि वर पैशाचं काय एवढं म्हणतो. ही माणसं नववर्षाला भेटल्यावर सरळ 'श्रीमंत व्हा' म्हणतात. देवाशीही व्यवहार रोखठोक. वर्षअखेरीला, उत्तरेत शेवटच्या महिन्याच्या तेविसाव्या तिथीला, स्वयंपाकघराचा देव घरातल्या वर्षभराच्या वागणुकीचा अहवाल द्यायला स्वर्गात जातो. त्याला निरोप देताना चिकट गोड वडी देतात, म्हणजे वर गेल्यावर त्याने गोड बोलावं किंवा तोंड चिकटून गप्प बसावं. आम्ही नैवेद्य दाखवून मागणं मागतो. इतक्या मोकळेपणाने साक्षीदार फोडत नाही.

लग्नात तर दाराशीच टेबल, टेबलावर लाल वही, आणि वहीपाशी बसलेला कुणी चोख नातेवाईक. तुमच्या पाकिटात किती ते लिहून घेतो. पुढे तुमच्या घरचं कार्य निघालं की त्या आकड्यात थोडी भर घालून परतफेड. 'कृपया अहेर आणू नये' छापून पाकिटं घेणाऱ्या आम्हाला हे निर्लज्ज वाटेल, पण आमच्या आजीच्या ट्रंकेत अशीच वही होती, फक्त ती लग्न झाल्यावर, दार लावून लिहायची. एका मराठी स्नेह्याने आपल्या रीतीप्रमाणे सहाशे युआनवर एक नाणं घालून पाकीट दिलं. वहीवाल्याने शांतपणे नाणं काढून त्याच्या हातावर ठेवलं. शुभकार्याला इथे सम आकडा लागतो, त्यातही चार सोडून. शेवटी एक लावलेली रक्कम अनेक ठिकाणी मयताच्या घरी देतात. आपण तो रुपया नातं पुढे चालू राहावं म्हणून लावतो.

हुंड्याबद्दलही विचारतात. इथे उलट आहे, मुलाकडचे मुलीकडच्यांना देतात. त्याला त्साइली म्हणतात, आणि वर मुलाने फ्लॅट घ्यावा ही अपेक्षा. हे ऐकून एक काकू म्हणाल्या, "बरंय की!" बरं काही नाही. मुलगे जास्त आणि मुली कमी झाल्या तशी खेड्यांत रक्कम वाढत गेली, बाप कर्जात बुडतात. मोडलेल्या लग्नांतली त्साइली परत कुणाला किती, याचे नियम सर्वोच्च न्यायालयाला घालून द्यावे लागले. ते १ फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहेत. आमचा हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. त्याचं काय झालं हे काकूंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मला विचाराल तर या सणाचा जीव पदार्थांत नाही, तो रीतीत आहे. वर्षाची शेवटची रात्र सासरी, आणि नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेकीने नवरा-मुलांसह, हातात भेटी घेऊन माहेरी जायचं. दुसऱ्या दिवशी, आधी नाही. लग्न झालेल्या मुलीने ती रात्र माहेरी काढली तर माहेराला दळिद्र येतं, असा जुना समज. आपल्याकडेही लक्ष्मीपूजन सासरी आणि भाऊबीज माहेरी, पण निदान पहिला दिवाळसण जावयाला सासुरवाडीत खेचून आणतो, अंगठीबिंगठी घेऊन. इथे ती पळवाट नाही. शिवाय १९८० ते २०१५ पर्यंत शहरांत एकाच मुलाची सक्ती. त्यामुळे आज नवराही एकुलता, बायकोही एकुलती, आणि त्या रात्री कुठल्यातरी एका घरात दोनच म्हातारी माणसं दोघांपुरते ज्याओझ उकळत असतात. २०२५ पासून वर्षाच्या त्या शेवटच्या दिवसाचीही सरकारी सुटी मिळू लागली. मैत्रीण म्हणते, भांडायला एक दिवस वाढला.

तिचं माहेर यानताईला, समुद्राकाठी. यंदा तिने तोडगा काढला. दोन्ही घरच्यांना जीनानला बोलावलं आणि हॉटेलात टेबल घेतलं. शेवटच्या रात्रीचं जेवण हल्ली कितीतरी घरं बाहेरच उरकतात. तिची आई खजुरासारखी सुकी लाल बोरं खोचलेले मोठाले वाफवलेले पाव घेऊन आली, तिकडची पद्धत. आणि मग दाराशी दोन व्याही उभे. पहिल्या पाहुण्याच्या खुर्चीत कुणीच बसेना. जो बसेल त्याने दुसऱ्याला यजमान मानलं! "तुम्ही बसा." "छे छे, तुम्ही वडील." मासा आला, गार झाला. शेवटी दोघांनी मिळून जावयाला बसवलं, आणि तो बिचारा तीन प्याले पिऊन लाल झाला.

बिलाच्या वेळी सासरे ताठ उठून गल्ल्याकडे गेले. पैसे आधीच दिलेले. तिच्या आईने हात धुऊन येते म्हणून फोनवर कोड स्कॅन करून टाकला होता. सासरे परत आले ते संतापूनच. चारचौघांत, मुलीकडच्यांनी! टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "पुढच्या वर्षी आम्ही सगळे यानताईला येणार, ह्याच रात्री, आणि बिल मी देणार." सासूबाईंनी टेबलाखालून लाथ मारली, पण तोवर शब्द गेला होता. मैत्रिणीने तिथल्या तिथे रेल्वेच्या तिकिटांची आठवण फोनमध्ये लावून ठेवली.