मुक्काम पेठेत

मंडईतून चालत जाण्याच्या अंतरावर, लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस आहे. मूकपटांच्या जमान्यातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी ते १९३५ मध्ये काढलं. पुढे त्यांचे चिरंजीव चारुकाका यांच्या काळात नाटक-सिनेमावाल्यांचा तो हक्काचा अड्डा झाला. इथे उतरायचं ते पेठेच्या गजबजाटासाठी. शांतता हवी त्याने कोरेगाव पार्क गाठावं. गणपतीत तर नक्कीच.

सकाळी लवकर मंडईत चक्कर मारा. अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी इमारत १८८६ ची, मूळ नाव रे मार्केट. गंमत म्हणजे मंडईच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणाऱ्या जोतीराव फुल्यांचंच नाव पुढे तिला मिळालं. उंच गाळ्यावर भाज्यांच्या राशीत मांडी घालून बसलेल्या विक्रेत्याशी घासाघीस जपून करा.

गाडी आणू नका. २०२४ पासून मंडईला भुयारी मेट्रो स्थानक आहे.