मोहोरबंद कागद आणि उघडी नावे : एपस्टीन प्रकरण कसे वाचावे?

अमेरिकेतील धनाढ्य वित्तव्यावसायिक जेफ्री एपस्टीन याच्या प्रकरणाविषयी गेल्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रांतून पुष्कळ छापून आले आणि त्याहून अधिक मोबाईलवरून फिरले. कोणाकोणाचे नाव ‘यादीत’ आहे, हीच सर्वत्र चर्चा. या गलबल्यात ज्या मुलींवर अत्याचार झाले त्या बाजूला पडतात. न्यायालयातील एखादा कागद कोणी व कशासाठी लिहिलेला असतो, हा साधा प्रश्नही कोणी विचारत नाही. म्हणून वाचकांसाठी या कागदपत्रांचा प्रवास थोडा तपशिलाने मांडत आहे.

सन २००५ च्या मार्चमध्ये फ्लोरिडा राज्यातील पाम बीच येथील पोलिसांकडे एका चौदा वर्षांच्या मुलीच्या कुटुंबीयांनी तक्रार नेली. तपास सुरू होताच एकीमागून एक अशा अनेक मुलींचा शोध लागला. मालिश करण्याचे काम आहे, दोनशे-तीनशे डॉलर मिळतील, असे सांगून त्यांना एपस्टीनच्या बंगल्यावर नेले जाई. बहुतेक जणी शाळकरी, बऱ्याचशा गरीब वा विस्कटलेल्या घरांतील. पोलिसांनी गंभीर कलमांची मागणी केली. परंतु राज्याच्या सरकारी वकिलांनी प्रकरण ग्रँड ज्यूरीपुढे नेले. खटला भरण्याइतका पुरावा आहे किंवा नाही हे गुप्तपणे ठरवणारी ही नागरिकांची समिती. जुलै २००६ मध्ये तिने एकच आरोप निश्चित केला : वेश्यागमनासाठी मागणी करणे. या एका शब्दाने अत्याचारित मुलगी कागदोपत्री वेश्या ठरली. त्या कामकाजाची नोंद अठरा वर्षे बंद होती. १ जुलै २०२४ रोजी ती खुली झाली, तेव्हा साक्षीला आलेल्या मुलीलाच, तू गुन्हा केलास याची तुला जाणीव आहे का, अशा अर्थाचा प्रश्न सरकारी पक्षाने विचारल्याचे दिसून आले!

दरम्यान केंद्रीय तपासयंत्रणा, म्हणजे एफबीआय, या प्रकरणात उतरली होती. केंद्रीय वकिलांनी त्रेपन्न पानांचे आरोपपत्र तयारही केले होते. ते दाखल झालेच नाही. त्याऐवजी २४ सप्टेंबर २००७ रोजी अलेक्झांडर अकोस्टा यांच्या कार्यालयाने एपस्टीनच्या नामांकित वकिलांशी ‘खटला न भरण्याचा करार’ केला. त्याच्या संभाव्य साथीदारांनाही त्यात अभय मिळाले. मोबदल्यात ३० जून २००८ रोजी एपस्टीनने राज्याच्या न्यायालयात दोन आरोप कबूल केले. शिक्षा अठरा महिन्यांची झाली. भोगली सुमारे तेरा महिने. त्यातही बराच काळ आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला बारा तासांपर्यंत, तो कामासाठी म्हणून तुरुंगाबाहेर जात असे. ज्यांच्या दुःखावर हा सौदा झाला त्या मुलींना त्याची कल्पना दिली गेली नव्हती. तपास चालू आहे, अशी पत्रे त्यांना जात राहिली. पीडितांचे वकील आणि वृत्तपत्रे यांनी पाठपुरावा केल्यावर सप्टेंबर २००९ मध्ये तो करार उघड झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्या. केनेथ मारा यांनी, ही गुप्तता पीडितांच्या हक्कांच्या कायद्याचा भंग होती, असा निर्णय दिला. मुली तोवर प्रौढ स्त्रिया झाल्या होत्या.

वृत्तपत्रांची बाजूही निर्मळ नाही. ‘व्हॅनिटी फेअर’ या मासिकाने २००३ साली एपस्टीनवर मोठा लेख छापला. दोन बहिणींनी सांगितलेला अनुभव मात्र त्यातून गळला. पुढे पाम बीचमधील बातम्यांतही मुलींच्या वयापेक्षा त्याच्या विमानाचे व श्रीमंत मित्रांचे कौतुकमिश्रित वर्णन अधिक असे. ‘मायामी हेरल्ड’च्या ज्युली ब्राऊन यांनी वेगळी वाट धरली. जुने पोलीस अहवाल व न्यायालयीन कागद चाळून त्यांनी सुमारे ऐंशी पीडितांचा माग काढला, त्यांपैकी साठेक जणींचा ठावठिकाणा शोधला. बोलायला तयार झाल्या आठ. नोव्हेंबर २०१८ मध्ये ही लेखमाला आली. ६ जुलै २०१९ रोजी एपस्टीनला पुन्हा अटक झाली. तोवर मंत्रिपदी पोहोचलेल्या अकोस्टा यांना राजीनामा द्यावा लागला.

आता ‘यादी’कडे वळू. एपस्टीनची साथीदार गिलेन मॅक्सवेल हिच्याविरुद्ध एका पीडितेने २०१५ साली बदनामीचा दिवाणी दावा लावला होता. तो २०१७ मध्ये तडजोडीने मिटला. पण त्यातील हजारो पाने मोहोरबंद राहिली. हेरल्डने न्यायालयात मागणी केली आणि ती टप्प्याटप्प्याने, २०१९ पासून जानेवारी २०२४ पर्यंत, खुली होत गेली. त्यांत साक्षी आहेत, वकिलांचे अर्ज आहेत, पत्रव्यवहार आहे. साक्षीत कोणी एखाद्याचा उल्लेख आरोप म्हणून करतो, तर कोणी केवळ ‘त्याला मी कधी भेटले नाही’ असे सांगताना करतो. नाव दोन्हीकडे छापले जाते. पाने खुली करण्याचा आदेश देताना अपील न्यायालयानेच बजावले होते की, दाव्यात दाखल झालेले प्रत्येक विधान सत्य ठरलेले नसते. पत्रकारांनी संयम व वाचकांनी विवेक बाळगावा. याउलट मॅक्सवेल हिच्यावरील फौजदारी खटला पाहा. तेथे उलटतपासणी झाली, ज्यूरीने २९ डिसेंबर २०२१ रोजी सहापैकी पाच आरोपांत तिला दोषी ठरवले आणि पुढे वीस वर्षांची शिक्षा झाली. अर्ज आणि निकाल यांना एकाच तागडीत घालता येणार नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने सर्व सरकारी कागद खुले करण्याचा कायदा केला. त्यानुसार लाखो पाने प्रसिद्ध झाली. बड्या मंडळींना इतकी वर्षे लाभलेली काळजी येथे पीडितांच्या वाट्याला आली नाही. काही जणींची नावे झाकायची राहून गेली आणि हजारो कागद संकेतस्थळावरून मागे घ्यावे लागले. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अत्याचारित बालकाची ओळख माध्यमांतून उघड करणे हा गुन्हा ठरवला आहे. मोबाईलवर आलेली असली पाने पुढे ढकलणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

कागद बंद ठेवण्याचा मोह केवळ धनिकांना होतो असे नाही. बोस्टन महाधर्मप्रांतातील धर्मगुरूंच्या अत्याचारांचे दस्तऐवजही मोहोरबंदच होते. ‘बोस्टन ग्लोब’ न्यायालयात गेले, न्यायाधीशांनी ते खुले केले आणि २००२ च्या अखेरीस कार्डिनल लॉ यांना पद सोडावे लागले. तेव्हा वृत्तपत्रावर चिडलेले भाविक कमी नव्हते. त्या कागदांत मुलांची दुःखे होती, हे समजायला काहींना फार वेळ लागला.

१० ऑगस्ट २०१९ रोजी एपस्टीन न्यूयॉर्कच्या तुरुंगात मृतावस्थेत आढळला. शवचिकित्सकांनी आत्महत्येचा निष्कर्ष काढला. आरोपी मरण पावल्यास खटला संपतो, त्यासाठी सरकारचा एक छोटा अर्ज पुरतो. परंतु न्या. रिचर्ड बर्मन यांनी २७ ऑगस्ट रोजी सुनावणी ठेवली आणि पीडितांना बोलावले. वीसच्या आसपास जणींचे म्हणणे त्या दिवशी मांडले गेले, काहींचे नावानिशी, काहींचे नावाविना, काहींचे वकिलांच्या तोंडून. न्यायालयाच्या लघुलेखकाने ते शब्दशः टिपून घेतले. त्या नोंदीवर मोहोर लावण्यात आलेली नाही.