बंड स्पार्टाकसचे, ठिणगी द्राबाची!

गुलामांचे बंड म्हटले की जगाला १९६० सालचा ‘स्पार्टाकस’ हा हॉलिवूडचा चित्रपट आठवतो. पकडलेले गुलाम एकामागून एक उठतात आणि आपणच स्पार्टाकस असल्याचे सांगतात, तो प्रसंग तर अजरामर झाला. नायक अर्थातच कर्क डग्लस. परंतु आमच्या मते या चित्रपटातील बंडाची पहिली ठिणगी दुसऱ्याचीच आहे.

इतिहास असा. इसवीसनपूर्व ७३ मध्ये कापुआ येथील ग्लॅडिएटरांच्या शाळेतून सत्तरएक गुलाम स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घेऊन निसटले. पाहता पाहता हजारोंची फौज उभी राहिली. इसवीसनपूर्व ७१ मध्ये क्रॅससने हे बंड चिरडले आणि कापुआ ते रोम या रस्त्यावर ६,००० गुलाम क्रुसावर चढवले.

चित्रपटात या बंडाआधी एक प्रसंग येतो. रोमन धनिकांच्या करमणुकीसाठी स्पार्टाकसला द्राबा या काळ्या गुलामाशी मरेपर्यंत लढावे लागते. द्राबा जिंकतो. ठार करण्याचा हुकूम होतो. तो मात्र हातातला त्रिशूळ सज्जात बसलेल्या मालकांवर फेकतो आणि स्वतः त्यांच्यावर चालून जातो. क्रॅसस त्याला संपवतो. दहशत बसावी म्हणून त्याचे प्रेत उलटे टांगले जाते. दहशत बसत नाही, बंड होते!

द्राबा साकारणारा वुडी स्ट्रोड हा मूळचा खेळाडू. १९४६ साली केनी वॉशिंग्टनबरोबर लॉस एंजेलिस रॅम्स संघात उतरून त्याने व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधली वर्णबंदी मोडली होती. श्रेयनामावलीत मात्र डग्लस, लॉरेन्स ऑलिव्हिए, जीन सिमन्स, चार्ल्स लॉटन, टोनी कर्टिस यांच्या बऱ्याच खाली तो सापडतो. सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले ते गुलामांचा व्यापारी रंगवणाऱ्या पीटर उस्तिनोव यांना. उस्तिनोव यांचा अभिनय अव्वलच होता, वाद नाही. पण पुरस्कार कोणाच्या वाट्याला येतात, हे नोंदवलेच पाहिजे.

श्रेयाचा आणखी एक लढा पडद्यामागे झाला. मूळ कादंबरीकार हॉवर्ड फास्ट आणि पटकथाकार डाल्टन ट्रम्बो या दोघांनीही अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे झुकण्यास नकार देऊन १९५० साली तुरुंगवास भोगला. प्रकाशक मिळेना म्हणून फास्टने १९५१ मध्ये कादंबरी स्वतःच छापली. ट्रम्बो टोपणनावाने लिहीत राहिला. न्यायालयात त्याला न्याय मिळाला नव्हता. १९६० च्या जानेवारीत ओटो प्रेमिंजर यांनी ‘एक्सोडस’साठी त्याचे नाव जाहीर केले. पण ऑक्टोबरमध्ये ते पडद्यावर आधी झळकले ‘स्पार्टाकस’मुळे. निर्माता होता कर्क डग्लस, भंगार गोळा करणाऱ्या ज्यू निर्वासिताचा मुलगा. निदर्शने झाली. तरीही १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी चित्रपट पाहायला गेले आणि काळी यादी खिळखिळी झाली.

कायद्याचे विद्यार्थी म्हणून आम्हाला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. माणसाला नामशेष करायचे तर आधी त्याचे नाव पुसले जाते. म्हणून नाव परत मिळवणे हा हक्काचाच लढा असतो. ट्रम्बोला त्याचे नाव मिळाले. वुडी स्ट्रोडचे नाव घेणे आपल्या हाती आहे. चित्रपट पाहाल तेव्हा त्या त्रिशूळाकडे नीट पाहा!